वाचनविचार : ‘जेन एयर’ आणि तिचे न्यायाधीश

गेल्या महिन्यात रात्रीच्या जेवणानंतर आमच्या घरी एका इंग्रजी कादंबरीवरून दोन पक्ष पडले. नात म्हणाली, “आजोबा, जेन घर सोडून गेली ते योग्यच केले.” सूनबाईंचे म्हणणे, जाण्यापूर्वी त्या गृहस्थास चांगला जाब विचारावयास हवा होता.

१८४७ च्या ऑक्टोबरात लंडन येथे ‘जेन एयर’ प्रसिद्ध झाली, तेव्हा तीवर ‘करर बेल’ असे टोपणनाव होते. खरी लेखिका शार्लट ब्राँटे, यॉर्कशरमधील हावर्थ गावच्या धर्मोपदेशकाची कन्या. पोरकी जेन रॉचेस्टर नामक धनिकाच्या वाड्यात शिक्षिका म्हणून राहते. रात्री वरच्या मजल्यावरून विचित्र हास्य ऐकू येते. एकदा तर धन्याचे अंथरुणच पेटते. दोघांचे प्रेम जडते, आणि ऐन विवाहप्रसंगी उलगडा होतो की, त्याची वेडी पत्नी माळ्यावर कोंडलेली आहे. जेन निघून जाते. पुढे सेंट जॉन हा पाद्री तिला हिंदुस्थानी भाषा शिकवून, पत्नी करून, धर्मप्रसारार्थ इकडे आणू पाहतो. प्रेमावाचूनचा तो विवाहही ती नाकारते.

कादंबरीकार थॅकरे हे पुस्तक वाचण्यात इतका रंगला की, त्याचा कामाचा दिवस बुडाला. उलट डिसेंबर १८४८ च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त एलिझाबेथ रिग्बी या विदुषीने निनावी लेख लिहून ही कृती ख्रिस्ती धर्माच्या विरुद्ध असल्याचा निकाल दिला. दरिद्री मुलीने आपल्या स्थितीबद्दल कुरकुर करावी, हे तिला ईश्वरी योजनेशी भांडण वाटले. त्याच महिन्यात शार्लटची बहीण एमिली निवर्तली होती.

आम्हांस वाटते, रिग्बीबाईंनी जेनचा अभिमान पाहिला, तिचा त्याग तोलला नाही. जिला जगात पुसणारे कोणी नाही, जिच्या चुकीने कोणाची मान खाली जाणार नाही, ती मुलगी केवळ आपल्या विवेकास स्मरून सुखावर पाणी सोडते. लोकभयावाचून पाळलेला धर्म याहून निराळा काय असतो?

परंतु त्या बाईंस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी आमची धाकटी बहीण हेच पुस्तक वाचीत असता आम्ही मधलेच एक पान चाळले, विवाहित पुरुषाचे प्रेम दिसले, आणि पुस्तक काढून घेतले. तिने पुन्हा मागितले नाही. आम्ही स्वतः ते वाचले निवृत्तीनंतर.

वरील वादानंतर नातीने आपली प्रत आत्याआजीस धाडली. परवा पत्र आले : “दादा, जेनने केले ते बरोबर. पण माळ्यावरच्या त्या बाईस तिचे म्हणणे कोणी विचारले का?” जीन ऱ्हीस या लेखिकेने १९६६ मध्ये ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरी लिहून त्याच स्त्रीची बाजू मांडली. बहिणीस ते ठाऊक नव्हते. तिचे तिलाच सुचले.

असा वाचक आम्ही पन्नास वर्षे घरात गप्प बसविला. वडीलधाऱ्या वाचकांस एवढीच विनंती की, मुलासुनांच्या हातचे पुस्तक हिरावण्यापूर्वी ते स्वतः अखेरपर्यंत वाचावे, आणि मग त्यांचेही मत विचारावे.