क्षमा मिळाली, तरी चोरीचा माल परत करा

हिंदी सिनेमातलं चर्च सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मेणबत्त्या, पांढऱ्या झग्यातले फादर, लाकडी जाळीपुढे गुडघे टेकलेला नायक. तो गुन्हा कबूल करतो, फादर हात उंचावतात, नायक मोकळा होऊन बाहेर पडतो. या दृश्यानं एक समज घट्ट रुजवला आहे. चांगली शिकलेली माणसंही मला म्हणतात, "तुमचं बरं आहे, आठवडाभर काहीही करा आणि रविवारी फादरना सांगून टाका." ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, मरियेची पूजा करतात, असे गैरसमजही कानावर येतात आणि ते समजावून सांगता येतात. हा मात्र मनाला लागतो, कारण यात आमच्या श्रद्धेचा गाभाच उलटा होतो.

कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनाची सक्ती वर्षातून एकदाच आहे आणि ती 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून चालत आली आहे. मनापासून पश्चात्ताप नसेल, पुन्हा तसं न करण्याचा निश्चय नसेल, तर फादरांनी उच्चारलेल्या क्षमेच्या शब्दांचाही उपयोग होत नाही. त्यातही झालेलं नुकसान भरून देण्याची जबाबदारी उरतेच. चर्चची 1992 ची धर्मशिकवण हे स्पष्ट सांगते: चोरलेलं परत करा, कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव पूर्ववत करा. दुसरी गोष्ट किती अवघड आहे, ते गावात एकदा कंडी पिकवलेल्या माणसाला विचारावं. चोरीचे पैसे निदान मोजून देता येतात.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदारांचा मुखिया. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करण्याचा शब्द दिला. या घराला तारण मिळालं, असं येशू म्हणतो ते त्यानंतर.

शिवाय सगळे ख्रिस्ती फादरांकडे जात नाहीत. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, काम सुरू केलं. त्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती जाळीची पेटीच नसते. उपासनेत सगळे मिळून देवापुढे पापाची कबुली देतात. प्रॉटेस्टंट परंपरेची सुरुवातच मुळी स्वस्तातल्या माफीविरुद्धच्या रागातून झाली. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकली जात होती, म्हणून 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला. त्याच्या पंच्याण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा, की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य हाच पश्चात्ताप असावा.

देवाची कृपा विकत मिळत नाही, ती कमावताही येत नाही, असं ख्रिस्ती श्रद्धा मानते. मग पाप करत राहिलं तर काय बिघडलं? हा प्रश्न प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच मांडला आणि कडाडून खोडून काढला. म्हणजे आमच्यातही हा गैरसमज पहिल्या शतकापासून आहे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यानं 1937 च्या पुस्तकात अशा स्वस्त कृपेला चर्चचा शत्रूच म्हटलं. हिटलरच्या राजवटीनं त्याला 1945 च्या एप्रिलमध्ये फाशी दिली.

क्षमा म्हणजे काय हे सांगायचं झालं, की मला मध्य प्रदेशातल्या सिस्टर राणी मारिया आठवतात. भूमिहीन मजुरांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्या झटत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसप्रवासात त्यांची भोसकून हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, 2002 मध्ये तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबानं दयेची विनंती केली, 2006 मध्ये तो सुटला. पण त्याआधी त्यानं अकरा वर्षं तुरुंगात काढली होती आणि केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप तो उघडपणे बोलून दाखवत होता.

ही क्षमा त्या बहिणीनं स्वतः दिली. तिच्याकडून ती मागण्याचा अधिकार कुणाला नव्हता, फादरांना किंवा बिशपांनाही नव्हता. चर्चमधल्याच माणसांनी मुलांवर अत्याचार केल्याचं देशोदेशी उघड झालं, तेव्हा ही साधी मर्यादा पाळली गेली नाही. कितीतरी पीडितांना क्षमा करून विसरायला सांगितलं गेलं आणि गुन्हेगाराची नुसती बदली झाली. ऑस्ट्रेलियाच्या शाही चौकशी आयोगानं 2017 मध्ये सुचवलं, की अशा अत्याचाराची माहिती पापनिवेदनात मिळाली तरी धर्मगुरूवर ती कळवण्याची कायदेशीर सक्ती असावी. चर्चनं ते मान्य केलं नाही. पापनिवेदनाची गुप्तता मोडू नये, हे मलाही पटतं, कारण ती नसेल तर तिथं कुणी तोंडच उघडणार नाही. पण जाळीबाहेर, कार्यालयात, फायलींत जे कळलं होतं ते पोलिसांना सांगण्याच्या आड ही गुप्तता येत नव्हती.