वीज गेली की कमाई गेली

‘बाजाराला जात नसते’ हे पालुपद आता डेटा साठवणुकीतही ऐकू येतं. बड्या कंपन्यांच्या सर्व्हरऐवजी तुमच्या-माझ्या हार्ड डिस्कवर जगाचा डेटा राहील, मोबदल्यात टोकन मिळेल, परवानगी कुणाचीच नको. फाइलकॉइन ऑक्टोबर 2020 मध्ये याच आश्वासनावर सुरू झालं.

मग अटी वाचा. ब्लॉकचं बक्षीस हवं तर किमान 10 टेबिबाइट साठवण. डेटा सील करायला 128 जीबी रॅमचं यंत्र. वर तारण म्हणून आधी टोकन अडकवायचे. डेटा जागेवर असल्याचा पुरावा दर 24 तासांनी द्यायचा. चुकला की कमाई थांबते, चुकत राहिला तर दंड. ज्या वस्तीत वीज कधी जाईल याचा नेम नाही, बापाच्या नावावर सातबारा नाही, तिथल्या पोरीने हे तारण आणायचं कुठून? 2017 च्या टोकनविक्रीत तर अमेरिकी कायद्याने धनवान ठरवलेल्या गुंतवणूकदारांनाच प्रवेश होता. (म्हणे, खुला बाजार!)

इथे जात कुणी विचारत नाही, खरंच. तिने पिढ्यानपिढ्या कुणाच्या घरात काय साठू दिलं, तेवढंच तपासतात.

सरकारी विद्यापीठांचे सर्व्हर आपल्याही करातून उभे आहेत. चळवळीची पत्रकं, जलशांच्या ध्वनिफिती तिथे ठेवा, ही मागणी आधी लावून धरू. टोकनचं नंतर बघू.