पेटीतली राणी गेली? आधी परीक्षा, मग खर्च



आपल्यापैकी अनेकांनी उसाच्या जोडीला सूर्यफूल, कलिंगड, कांद्याचे बी अशी पिके धरली आहेत. उसाचे मधमाशीवाचून अडत नाही, या पिकांचे अडते. म्हणून बांधावर मधपेटी आली. पण एक तक्रार वारंवार कानी येते, "चौकटीत अंडी दिसत नाहीत, राणी गेली वाटतं." मग कोणी पेटी वाऱ्यावर सोडतो, तर कोणी लगेच पैसे मोजून नवी राणी आणतो. आमच्या मते दोन्ही चूक.

अंडी नाहीत म्हणजे राणी नाही, असे होत नाही. अंड्यापासून राणी बाहेर यायला सुमारे १६ दिवस लागतात. त्यानंतर आठवडाभराने ती नरांशी मिलनासाठी उडते आणि आणखी दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. हवा पावसाळी असली तर याहूनही उशीर. म्हणजे जुनी राणी गेली आणि नवी तयार होत असली, तरी मधले तीन-साडेतीन आठवडे पेटी रिकामीच भासणार. कोवळी राणी अंगाने लहान आणि चपळ, सहजी नजरेस पडत नाही. अशा पेटीत विकतची राणी सोडली, तर माश्या तिच्याभोवती गोळा होऊन तिला मारतात. पैसे गेले ते गेलेच.

मग करायचे काय? दुसऱ्या निरोगी पेटीतून ताजी अंडी आणि बारीक अळ्या असलेली एक चौकट काढा. राणी तिच्यावर नाही ना, हे नीट बघा. माश्या झटकून ती चौकट संशयित पेटीच्या मध्यावर बसवा. तीन-चार दिवसांनी पाहा. शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबती राणीघरे दिसली, तर राणी नाही असे समजा. त्यातूनच माश्या नवी राणी वाढवतील. राणीघरे नसली, तर बहुधा राणी आत आहे. झाकण लावा आणि आठ-दहा दिवस थांबा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे करू नका.

मात्र थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. एकेका घरात अनेक अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या असे समजावे. त्यातून फक्त नर निपजतात. आपल्या सातेरी माशीत ही अवस्था फार लवकर येते. तेव्हा नव्या राणीवर खर्च न करता उरलेल्या माश्या दुसऱ्या दणकट पेटीत मिळवणे बरे.

आता मुद्द्याचे. ज्याच्याकडे एकच पेटी, तो ही चौकट आणणार कोठून? म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की पेटी ठेवायची तर निदान दोन ठेवाव्यात. नाही जमले, तर शेजारच्या वस्तीवरच्या सभासदाशी चौकटीची देवघेव ठरवावी. रोग पसरेल ही भीती खरी आहे. म्हणून देणाऱ्याने आपली पेटी आधी तपासावी, अळ्या मेलेल्या वा सडलेल्या दिसल्या तर चौकट देऊ नये. सातेरीची चौकट सातेरीलाच द्यावी, मेलिफेराची मेलिफेराला.

एकट्याच्या उसाने कारखान्याचे गाळप होत नाही, हे आपल्याला सांगायला नको. एका चौकटीने शेजाऱ्याची अख्खी पेटी वाचते. येत्या फुलोऱ्याआधी प्रत्येक वाडीने एवढी जुळवाजुळव करावी, ही विनंती.