कोण हे विटनेसेठ?

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढली की माणसाला कोणताही प्रश्न नवा राहत नाही. 'पासबुकाचं मशीन कधी सुरू होईल?' आणि 'साहेब जेवायला गेले का?' एवढ्या दोन प्रश्नांत आमचा अभ्यासक्रम संपतो. पण परवा पीककर्जाच्या कागदांवर सह्या घेताना एका काकाजींनी माझी दांडी उडवली. नातवाला त्यांनी पहिलं पान वाचायला लावलं होतं. नातू एका शब्दाशी अडखळला. काकाजींनी चष्मा सावरला.

"भाऊ, हे विटनेसेठ कोन होय? वणीचे का पुसदचे? म्या त त्यायच्यापासून येक पैसा घेतला नाई!"

शब्द होता 'विटनेसेथ'. मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. कारण या सेठजींची आणि माझीही ओळख नव्हती. मी बी.कॉम.; शेकडो कागदांवर बोट ठेवून 'इथे सही, इथे अंगठा' म्हणणारा!

घरी जाऊन डिक्शनरी उघडली. अर्थ निघाला एवढाच: 'साक्ष देतो'. हा कागद पुढीलप्रमाणे साक्ष देतो, बस्स. शेपटाला जो 'एथ' आहे तो क्रियापदाचा जुना प्रत्यय. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तो पानोपानी भेटतो. पण त्याच शतकात साहेबाच्या रोजच्या बोलण्यातून तो उठत गेला. साहेबानं घरातून काढलेली ही अडगळ आम्ही मात्र स्टँप पेपरवर जपून ठेवली आहे.

आणि आमचं यवतमाळ भाषेच्या बाबतीत किती कडक! जानेवारी २०१९ मध्ये इथे ९२वं मराठी साहित्य संमेलन भरलं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका उद्घाटक कशी, असा आक्षेप निघाला. नयनतारा सहगल यांचे वडील मराठी होते, तरी त्यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. मांडवातल्या इंग्रजीला आम्ही वेशीवरून परत पाठवलं. शेतकऱ्याच्या कर्जाच्या कागदातल्या इंग्रजीला कुणी हटकलं का? मांडवातलं इंग्रजी फार तर तासभर ऐकावं लागलं असतं. कागदातलं इंग्रजी सातबाऱ्याच्या मानगुटीवर बसतं.

वकील मंडळी म्हणतात, जुन्या शब्दांचे अर्थ कोर्टात ठरून गेलेले असतात, त्यांना हात लावू नये. काही शब्दांपुरतं कबूल. पण 'विटनेसेथ' खोडला तर कर्ज एका पैशानं कमी होत नाही की व्याज वाढत नाही. आणि अवघड अर्थ मराठीत मावत नाही म्हणाल, तर 'हायपोथिकेशन'ला आपण 'नजरगहाण' म्हणतोच ना? माल तुमच्या ताब्यात, नजर बँकेची! असा शब्द काकाजींना समजावून सांगावा लागत नाही.

बरं, हे बँकांना जमत नाही असंही नाही. न्यूयॉर्कच्या सिटीबँकेनं १९७५ सालीच आपली कर्जाची वचनचिठ्ठी साध्या इंग्रजीत लिहून काढली. बँक काही बुडाली नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेनंही २०२२ मध्ये विनातारण सूक्ष्मकर्जांसाठी नियम केला, की करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. मग जो आपलं उभं पीक तारण देतो, त्यानं काय घोडं मारलं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जो कागद समोरच्याला वाचून दाखवता येत नाही, त्यावर त्याचा अंगठा घेऊ नये. मग त्यासाठी आमची लाइन दत्त चौकापर्यंत गेली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी काकाजी आले. मी छाती फुगवून सांगितलं, "काकाजी, हे सेठ कोणी नाहीत. हा कागदच साक्ष देतो, असा त्याचा अर्थ."

काकाजींनी क्षणभर विचार केला. "कागद साक्ष देते? देऊ दे ना. पन माह्या विरुद्ध द्याची असंन, त मले समजंन अशी त देऊ दे!"

मी मान खाली घातली आणि सवयीनं बोट ठेवलं. "इथे सही."