बारगीर, भातवडी आणि वीस बाजूंचा फासा

परवाच्या विकांताला नगरला घरी गेलो होतो (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) आणि सावेडीतल्या मित्राच्या गच्चीवर एका फाशावरून कडाक्याचं भांडण झालं. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढलेला, कागद-पेन्सिल घेऊन खेळायचा. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे पात्रं होतात. नाही, कॉम्प्युटर लागत नाही. हो, आम्ही तिशीला आलोय. हसू नका.

मित्राने पुस्तकातले फायटर, रेंजर बाजूला ठेवून स्वतःचा क्लास बनवला: 'बारगीर'. कल्पना झकास. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर लढतो तो बारगीर. पण शक्ती बघा! तीस फूट दौडलं की त्या फेरीतल्या प्रत्येक वाराला ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. वर निघून जाताना शत्रूला उलटा वार करता येणार नाही. हे सगळं पहिल्याच लेव्हलला, फुकट. पुस्तकातल्या रोगला असं निसटणं दुसऱ्या लेव्हलला मिळतं, तेही बोनस ॲक्शन खर्चून.

गणित करा. ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने ५० टक्के, दोन फाशांनी ७५. वीस पडण्याची शक्यता ५ वरून ९.७५ टक्क्यांवर. शेजारचा फायटर शेंगदाणे खात बघत बसतो. आमच्याकडे तस्संच झालं, आणि तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "ऑफिसचं काम आहे." चौघांत एक गेला की खेळ बसतो हो.

मी कात्री लावायला सांगितली तर उत्तर काय? "तू आपल्या इतिहासाचा अपमान करतोयस!"

च्यायला, अपमान कोण करतंय? भातवडी नगर तालुक्यातच आहे. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा मलिक अंबरवर चालून आल्या. (हा अंबर मूळचा हबशी, गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला. 'आपला इतिहास' म्हणताना हेही लक्षात असू द्या.) उघड्या मैदानात भिडला असता तर चिरडला गेला असता, म्हणून त्याने भातवडीचा तलाव फोडला, शत्रूची जमीन चिखल केली, रसद तोडली. तो जिंकला. पण शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी तिथेच पडले. गनिमी कावा ही कमी ताकदवाल्याची अक्कल आहे. त्याला कायमचा बोनस देऊन टाकलात की अक्कल चालवायचं कारणच उरत नाही.

आता माझी चूक. मी कात्री लावली ती अशी की बारगीर फक्त मोकळ्या माळावर चालायचा. पुढचे दोन रविवार आमची गोष्ट तळघरात गेली आणि मित्र नुसता बसून राहिला. २०१४ च्या पुस्तकातल्या रेंजरची रड हीच होती: ठराविक भूभागावर हुशार, बाकी ठिकाणी सामान्य. गोष्ट चालवणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी शक्ती म्हणजे शक्ती नव्हेच.

म्हणून आता म्हणतोय की भूभाग त्यालाच बनवू द्या. दिवसातून एकदा, लढाईआधी तासभर खपून साठ फुटांचा चौरस अवघड करायचा, एक फूट चालायला दोन फूट खर्च. तळघरात तेल सांडा, दगड पाडा, काहीही. पण चिखल आपल्या माणसांनाही लागणार, आणि तासभर वेळच मिळाला नाही तर नाही. ॲडव्हान्टेज फेरीतल्या पहिल्या वारालाच. त्यानंतर बार्बेरियनच्या रेकलेस अटॅकसारखं, पुढच्या फेरीपर्यंत शत्रूलाही त्याच्यावर ॲडव्हान्टेज.

मित्र अजून फुगलेला आहे, पण शनिवारी खेळून बघू म्हणालाय. फायटरवाल्याला मीच फोन केला. "बघतो" म्हणाला.