पहिला धडा पिलरवर नको

फायबर शिकायला गॅरेजमध्ये आलेल्या पोराच्या हाती पहिलं काम कोणतं पडतं? बहुतेक ठिकाणी ते ठरलेलं असतं. पुढच्या काचेला लागून वर जाणाऱ्या ए-पिलरवर ट्विटरची वाटी उभी करायची. तुकडा वीतभर, माल थोडा लागतो, बिघडला तरी मोठं नुकसान नाही, आणि जमला तर गिऱ्हाईक गाडीत बसताच त्याची नजर आधी तिथंच जाते. छतात एअरबॅग नसलेल्या गाड्यांच्या काळात ही निवड योग्य होती. आता ती बदलायला हवी आणि कारागिरांनी ती स्वतःहून बदलायला हवी, असं या मासिकाचं स्पष्ट मत आहे.

कारण पिलरच्या आवरणामागे आहे. कर्टन एअरबॅग छताच्या कडेला घडी करून बसवलेली असते आणि धडक बसताच सेकंदाच्या काही शतांश भागात फुगून खिडकीवर उतरते. बऱ्याच मॉडेलमध्ये तिचा पुढचा भाग ए-पिलरच्या आवरणाआडून जातो. तिला वाट मिळावी म्हणून ते आवरण ठरावीक क्लिपांवर सैल होतं, ठरावीक रेषेत वाकतं. त्यावर मॅटचे दोन-तीन थर, पुट्टी आणि ट्विटर चढला की आवरणाचं वजन वाढतं आणि लवचीकपणा संपतो. मग एअरबॅग अडकते, नाहीतर तो कडक तुकडा सुटून बसलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. दोन्ही गोष्टी डिलिव्हरीच्या दिवशी दिसत नाहीत.

अशा गाड्या आता फक्त श्रीमंतांच्या राहिलेल्या नाहीत. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाड्यांच्या सुरक्षेसाठी भारत एनकॅपच्या धडक-चाचण्यांना सुरुवात झाली आणि त्याच महिन्यात ह्युंदाईनं भारतातल्या आपल्या सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग देण्याची घोषणा केली. म्हणजे साधी हॅचबॅक घेऊन आलेल्या कॉलेजच्या मुलाच्या गाडीतही कर्टन एअरबॅग असू शकते. पिलरच्या आवरणावर किंवा छताच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी अक्षरं कोरलेली किंवा शिवलेली दिसली, तर त्या पिलरला फायबर लावायचं नाही. गिऱ्हाइकानं कितीही आग्रह केला तरी नाही. ट्विटरला आरशामागच्या त्रिकोणी पट्टीत किंवा कंपनीनं दिलेल्या मूळ जागी बसवता येतं, आणि आवाजाची बाजू तिथूनही सांभाळता येते.

मग शिकाऊ पोरानं सुरुवात कुठं करायची? डिकीच्या कोपऱ्यात.

चाकाच्या कमानीमागे जी वाकडीतिकडी पोकळी असते, तिच्या आकाराचा बेस बॉक्स बनवण्यात फायबरचं जवळजवळ सगळं शिक्षण येऊन जातं. आधी पत्रा आणि कार्पेट मास्किंग टेपनं पूर्ण झाकायचं, वर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर वॅक्स. मग मॅटचे दोन थर घालून ते कडक होऊ द्यायचे आणि साचा सुटून बाहेर आला की उरलेले थर बाकावर द्यायचे. ४५० ग्रॅमच्या चॉप्ड स्ट्रँड मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. वूफरच्या दणक्याला सहा मिलिमीटरच्या आसपास जाडी हवी, तेव्हा किती थर लागतील हे पोरानं स्वतः मोजावं. आतली जागा किती लिटर भरली हे पाहायला पूर्ण सुकलेल्या बॉक्समध्ये थर्माकोलचे मणी ओतून ते मापानं परत मोजावेत. (ओल्या पॉलिएस्टर रेझिनला थर्माकोल लागू देऊ नये. त्यातलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं. आकार कोरायचा असेल तर पीयू फोम घ्यावा.) इथं एअरबॅग नाही, गिऱ्हाइकाची नजर रोज पडत नाही, आणि चूक झाली तर ती कानाला ऐकू येते: बॉक्स थरथरतो, हवा शिट्टी मारते.

यातला सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र ब्रशचा नाही, वजनकाट्याचा आहे. आपल्याकडे हे काम डोळ्यानं शिकवलं जातं. उस्ताद मगमध्ये रेझिन ओततो, हार्डनरची बाटली दोनदा दाबतो आणि म्हणतो, ‘एवढं बस’. उस्तादाच्या हाताला ते जमतं, कारण त्या हातानं बरीच वर्षं तेच केलेलं असतं. पोराच्या हाताला ते जमत नाही, आणि का जमलं नाही हेही त्याला कळत नाही. सर्वसाधारण पॉलिएस्टर रेझिनला वजनाच्या १ ते २ टक्के हार्डनर लागतं. २०० ग्रॅम रेझिनला दीड टक्का धरला तर ३ ग्रॅम. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि खुणा असलेली सिरिंज, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. एक टक्क्याहून बरंच कमी टाकलं तर माल वरून सुकल्यासारखा वाटतो आणि आत कायमचा कच्चा राहतो. जास्त टाकून काम लवकर उरकेल असं वाटतं, पण मग मगमध्येच गरम होऊन धूर येतो आणि पॅनेलला बारीक तडे जातात. इपॉक्सीचं गणित वेगळं आहे. तिथं हार्डनर हा रेझिनच्या रचनेचाच भाग होतो, म्हणून कंपनीनं दिलेलं प्रमाण जरासुद्धा बदलता येत नाही. पॉलिएस्टरवर हात बसलेला माणूस इपॉक्सीत तोच अंदाज चालवायला गेला की माल वाया जातो.

हवामानही मोजावंच लागतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की सेट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. जानेवारीतल्या नाशिकच्या सकाळी आणि मेमधल्या नागपूरच्या दुपारी एकच प्रमाण चालत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात मॅट ओलसर हवा पिते, म्हणून ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवायला हवी.

उन्हाचा विचार इथं संपत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ३८ अंशांहून अधिक उष्ण दिवसांत उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचं सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सिअस भरलं. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा याहून सौम्य नाही. बाजारातलं स्वस्त ऑर्थो रेझिन याच तापमानाच्या पट्ट्यात मऊ पडू लागतं. आयसोफ्थॅलिक रेझिन त्याहून बरंच वर तग धरतं. उन्हात रेझिनचं उरलेलं क्युरिंगही पुढं सरकतं आणि ते आणखी थोडं आक्रसतं. म्हणूनच फेब्रुवारीत आरशासारखं दिसणाऱ्या पॅनेलवर जूनमध्ये स्पीकरच्या एमडीएफ रिंगची कड उमटते, कापडाची वीण दिसू लागते. यावर उपाय आहे. लॅमिनेट झाल्यावर ते निदान दोन-तीन दिवस उन्हात किंवा गरम खोलीत राहू द्यावं, आणि पुट्टी-पेंट किंवा रेक्झिन त्यानंतरच चढवावं. गिऱ्हाईक घाईत असतं हे खरं, पण तारीख देतानाच हे दिवस धरले तर भांडण होत नाही.

डोअर पॅडचं काम डिकीतल्या बॉक्सच्या पुढच्या टप्प्यावर द्यावं. पॅड काढून आधी उलटं करून पाहायला शिकवावं. मागे साच्यातच उठवलेली इंग्रजी अक्षरं असतात, पीपी किंवा एबीएस अशी. एबीएसला खरवडून रेझिन बऱ्यापैकी धरतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला पॉलिएस्टर चिकटतच नाही. आजच्या बऱ्याच पॅडमध्ये हेच असतं. तिथं भोकं पाडून, स्क्रू मारून यांत्रिक पकड दिली नाही तर सहा महिन्यांत फायबर सोलून निघतं आणि दोष रेझिनवाल्याच्या माथी मारला जातो. काही गाड्यांत दाराच्या आत बाजूच्या धडकेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्या दाराचा आतला पत्रा कापला किंवा मूळचं सील काढून टाकलं, तर सेन्सरचा हिशेब चुकू शकतो. मोठा स्पीकर बसवण्यासाठी पत्र्याला कटर लावण्याआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल पाहावं. ते मिळत नसेल तर पत्रा कापू नये.

कापड ताणून केलेल्या पॅनेलबद्दल एक वेगळी तक्रार करायला हवी. फ्लीस ताणून रेझिन पाजलं की आकार सुंदर येतो आणि तिथंच काम संपलं असं वाटतं. मग ताकद यावी म्हणून पुढून जाड पुट्टी भरली जाते. पुट्टीनं ताकद येत नाही, वजन येतं, आणि तीन मिलिमीटरच्या वर गेलेली पुट्टी खड्ड्यांच्या रस्त्यावर फुटते. ताकद मागून दिलेल्या मॅटमध्ये असते. नौकेचंच उदाहरण घ्या. गोव्यातल्या दिवाडी बेटावर ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ‘तारिणी’ ही शिडाची नौका २०१७ मध्ये नौदलात आली. तिचं अंग म्हणजे लाकडाचा गाभा आणि त्यावर काचतंतूंचे थर. त्याच नौकेतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. महासागर झेलणाऱ्या त्या अंगात भार वाहिला तो नीट रेझिन प्यायलेल्या काचेनं, वर भरलेल्या पुट्टीनं नव्हे.

आता तब्येतीबद्दल, आणि इथं कुठलीही सूट नको. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन-९५ मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचाच मास्क लागतो. घासताना उडणाऱ्या काचेच्या धुळीला एन-९५ चालतो, आणि पाणी मारून घासलं तर धूळच कमी उडते. स्टायरिनची वाफ साधारण ३१ अंशांवर पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही साध्या दुपारी. रेझिनचं काम चालू असताना बिडी, ग्राइंडर, वेल्डिंग, काहीही जवळ नको. सेट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट वेगळं घालायचं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावं आणि मगच हार्डनर घ्यावं. हे दोन्ही थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. चष्मा हवाच, आणि तरीही थेंब गेलाच तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. पोरं सोळा-सतरा वर्षांची असतात. त्यांना मास्क देणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात धरायला कुणीही लाजू नये.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. डिकीतला बॉक्स किंवा डोअर पॅडचं आवरण नोंदणीपत्रात येत नाही. पण सीट काढून तिथं बॉक्स बसवला की आसनसंख्या बदलते, आणि तो बदल कायद्याच्या कक्षेत येतो. आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. फोम, रेक्झिन आणि चिकट द्रव विकत घेताना त्या मानकाची चौकशी करण्याची सवय आपल्या बाजारात अजून फार कमी आहे.

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे काम करणारे हात उत्तम आहेत. त्या हातांना माहीत असलेलं कागदावर मात्र कुठंच नाही. छत्रपती संभाजीनगरला प्लॅस्टिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या सिपेटचं केंद्र आहे, पुण्यात वाहन-संशोधन करणारी एआरएआय आहे. शनिवार-रविवारी गॅरेजच्या पोरांना येता येईल असा फायबरचा छोटा वर्ग या संस्थांनी मराठीतून घ्यावा, अशी या मासिकाची त्यांना विनंती आहे. तोवर प्रत्येक गॅरेजनं एक वही ठेवावी: तारीख, तापमान, रेझिनचं नाव, रेझिन आणि हार्डनर किती ग्रॅम, किती मिनिटांत घट्ट झालं, किती थर दिले. आणि उन्हाळा काढून तडकलेल्या, वाकलेल्या, सोललेल्या पॅनेलचे फोटो वहीतल्या त्या पानासह आमच्याकडे पाठवावेत. गॅरेजचं नाव न देता ते छापले जातील.