दोष रक्ताचा की लेखणीचा?

२०१९ सालच्या रमजानमधली गोष्ट. सेहरी उरकून, फजरची नमाज पढून घरातली माणसे पुन्हा आडवी झाली होती. माझा भाचा मात्र मोबाइल हातात धरून भिंतीला टेकून बसला होता. सोमवार होता. अमेरिकेत रविवारी रात्री दाखवली जाणारी 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका आपल्याकडे सोमवारी सकाळी हॉटस्टारवर येत असे. तास-सव्वा तासाने तो उठला. चेहरा असा उतरलेला, की कुठून वाईट खबर आली की काय असे मला वाटले. "मामू, आठ वर्षं फुकट गेली," एवढेच तो म्हणाला.

मी हसलो. राजे, राण्या आणि आग ओकणारे ड्रॅगन यांच्यासाठी रोजा धरलेल्या पोराने तोंड सुकवावे हे मला हास्यास्पद वाटले. ते माझे हसणे मी आज या लेखातून परत घेत आहे.

त्या मे महिन्यात जगभर असेच झाले होते. शेवटचा मोसम सक्षम लेखकांकडून पुन्हा लिहवून घ्या, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. पुन्हा काही लिहिले गेले नाही, हे सांगायला नको. आपल्याकडच्या लिहित्या मंडळींनी या रागाची भरपूर टिंगल केली. प्रेक्षक लाडावला आहे, त्याला मनासारखा गोड शेवट हवा असतो, लेखक काय त्याचा नोकर आहे का, असा एकूण सूर. मीही त्याच सुरात होतो, कारण मी मालिका पाहिलीच नव्हती. न पाहता मत देण्याची सवय आम्हा लेखकांना जरा जास्तच असते.

मग २०२० चा लॉकडाउन आला. मशिदी बंद, तरावीह घरात, दिवस सरता सरत नव्हता. भाच्याने मालिका लावून दिली आणि ईद येईपर्यंत मी सगळेच्या सगळे ७३ भाग पाहून संपवले. पाहिल्यावर कळले, की पोराचे दुःख पोरकट नव्हते. गोड शेवट तर त्याने कधी मागितलाच नव्हता. ज्या मालिकेने पहिल्याच मोसमात, २०११ साली, आपल्या नायकाचे मुंडके उडवले, तिच्याकडे गोड शेवट मागायला कोण जाईल?

या मालिकेची खरी ताकद ड्रॅगनमध्ये नव्हती, हिशेबात होती. नेड स्टार्क मेला, कारण शत्रूच्या मुलांची दया येऊन त्याने आपल्या हातातले गुपित स्वतःच राणी सर्सीला सांगून टाकले. त्याचा मुलगा रॉब लग्नाच्या मांडवात कापला गेला (२०१३), कारण त्याने एका सरदाराच्या मुलीशी लग्न करण्याचा दिलेला शब्द मोडला होता. माणूस भला असो वा बुरा, त्याच्या हातून जे घडले त्याची किंमत तो मोजत असे. अंतरालाही तिथे किंमत होती. पहिल्या मोसमात राजाला राजधानीतून उत्तरेला पोहोचायला महिना लागतो. सातव्या मोसमात, २०१७ साली, बर्फात अडकलेल्या लोकांकडून एक जण पळत निघतो, त्याचा निरोप घेऊन कावळा समुद्र ओलांडून जातो आणि राणी ड्रॅगन घेऊन हजरही होते. आपल्या एस.टी.ने एवढ्यात निम्मा घाट ओलांडला नसता.

हे का झाले? पहिले सहा मोसम दहा-दहा भागांचे होते. सातवा सात भागांचा, आठवा सहाचा. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या दोघा कर्त्यांनीच तो आकडा ठरवला. एचबीओ वाहिनी आणखी मोसमांना राजी होती, पैशांची तंगी नव्हती. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर मालिका उभी होती. पाचवा खंड २०११ साली आला आणि मालिका त्यापुढे निघून गेली. मार्टिन यांनी शेवटाची ढोबळ रूपरेषा दोघांना सांगितली होती. म्हणजे गाव कुठले ते ठाऊक होते. वाट आपली आपण काढायची होती. त्यांनी वाटच गाळली.

आता मुख्य मुद्दा. डेनेरिस टार्गेरियन या राणीने शेवटून दुसऱ्या भागात, शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतर, सगळे शहर जाळले. रस्त्यातल्या बायामुलांसकट. भाच्याचा चेहरा उतरला तो याच सकाळी. ती असे करूच शकत नाही, असे मी म्हणत नाही. मीरीन शहराच्या वाटेवर मालकांनी १६३ गुलाम मुलांना खांबांवर ठोकले, तेव्हा तिने मोजून १६३ मालक ठोकले. त्यातला कोण दोषी, कोण निर्दोष हे तिने पाहिले नाही. तिच्यात आग होतीच. पण हीच बाई २०१४ साली, चौथ्या मोसमाच्या अखेरीस काय करते? तिच्या एका ड्रॅगनने जाळलेल्या लहान मुलीची हाडे बाप फडक्यात बांधून तिच्यापुढे ठेवतो. तो ड्रॅगन हाती लागत नाही, म्हणून ती पोटच्या पोरांसारखे वाढवलेले दुसरे दोन ड्रॅगन अंधाऱ्या तळघरात साखळदंडाने बांधून येते आणि रडते. एका मुलीच्या हाडांपासून हजारो मुलांच्या राखेपर्यंतचा हा प्रवास दाखवा, मग मी मान तुकवतो. तो दाखवायला भाग लागतात, प्रसंग लागतात, सूड आणि न्याय यांतली रेघ रोज थोडी थोडी पुसली जाताना दिसावी लागते. थोरल्या कादंबरीकारांनी आयुष्य घातले ते यासाठीच.

त्याऐवजी आपल्याला काय मिळाले? एक नाणे. त्या घराण्यात मूल जन्मले की देव नाणे उडवतात, वेडे निघेल की थोर ते त्यावर ठरते, असे दरबारी व्हॅरिस त्याच भागात जॉन स्नोला ऐकवतो. बाप वेडा राजा होता, त्यालाही शहर जाळायचे होते. मग लेकीनेही जाळले. झाले कारण! भाग संपल्यावर कर्त्यांनी खुलासा केला, की समोर आपल्या पूर्वजांचा किल्ला दिसला आणि तिने ते मनावर घेतले. अरे, तो किल्ला तिला आधीच्या घंटाभर दिसतच होता की!

कारणे कापली की मागे रक्त उरते. लेखणी थकली की ती रक्ताचा हवाला देते. 'मुळातच तसली', 'बापावर गेली', 'रक्तातच आहे'. वाचकहो, ही वाक्ये आपल्याला अनोळखी आहेत का? मी हे भाग पाहत होतो त्या एप्रिलमध्ये शेजारच्या खोलीत बातम्यांच्या वाहिन्या दिल्लीच्या एका मरकजवरून साऱ्या जमातीला रोग पसरवणारी ठरवत होत्या. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याची शक्यता नोंदवली. तोवर भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेण्याचे दिवस येऊन गेले होते. एखाद्या माणसाने काय केले, कधी केले, का केले हे विचारण्याचे कष्ट टाळायचे असले, की त्याचे कूळ पुढे करतात. बातमीत हे चालते, तसेच कथेत चालले, आणि कथेला तर वेळेची अडचणही नव्हती.

याहून मला खटकलेली गोष्ट शेवटच्या भागात आहे. तुरुंगातला टिरियन जॉनला समजावतो, की तिने गुलामांचे व्यापारी मारले तेव्हा आपण काही बोललो नाही, मालक खांबांवर चढवले तेव्हाही नाही, आपण टाळ्याच वाजवल्या, आणि म्हणून आपण बरोबरच आहोत अशी तिची खात्री होत गेली. चतुर बोलणे आहे. पण नीट ऐका. गुलामांची मुक्ती ही आता वेडाची पहिली पायरी ठरते! गुलामांच्या त्या नगरींपैकी काहींचे चित्रण मोरोक्कोत, एस्सौइरा आणि ऐत बेनहद्दूमध्ये झाले होते. तिथल्याच गावकऱ्यांना गुलाम म्हणून उभे केले, आणि सोनेरी केसांच्या राणीला त्यांनी आई म्हणत उचलून घेतले. हे दृश्य २०१३ मध्येच अनेकांना खटकले होते. गोऱ्या हातांनी काळ्यांची सुटका, हा जुनाच किस्सा. निदान सुटका तरी होती. शेवटी तीही गुन्ह्यात जमा झाली.

आणि तिच्यामागे आलेले लोक? विंटरफेलच्या लढाईत दोथराकी घोडेस्वारांना सगळ्यांच्या पुढे, खंदकाच्याही पुढे उभे करून मिट्ट काळोखात सोडले. त्यांच्या पेटत्या तलवारी दूरवर एकेक करून विझतात. दिसायला मोठे सुंदर दृश्य. लढाईची अक्कल मात्र शून्य. पुढच्याच भागात पटावर त्यातले निम्मे शिल्लक आहेत असे कळते, आणि अखेरीस राणीपुढे आरोळ्या ठोकायला तर ते उदंड आहेत. मेले किती, उरले किती, हे मोजायची कोणाला गरज वाटली नाही. दरबारातली एकुलती ठळक काळी स्त्री मिसांडे, जी कधी काळी बेड्यांतून सुटली होती, तिला बेड्या घालूनच मारले, का तर राणीला राग यावा म्हणून. त्याच भागात मेजावर कॉफीचा कप राहून गेला होता. त्या कपाची चर्चा जगभर झाली आणि तो पुढे चित्रातून पुसण्यातही आला. मिसांडेच्या बेड्यांवर लिहिणारेही होते, पण कपाच्या गवगव्यापुढे त्यांचे कोण ऐकणार?

इथे माझे रागावलेल्या प्रेक्षकांशीही भांडण आहे. त्यांचा राग खरा, पण तो राणीपाशी येऊन थांबला. जॉनचे काय, जेमी परत का गेला, आर्याने अंधाराच्या राजाला एका उडीत कसे मारले, हे सगळे प्रश्न रास्तच. पण नवा राजा निवडायला सरदार बसतात, तेव्हा सॅमवेल म्हणतो की सगळ्यांनीच मिळून निवडावा, आणि मंडळी खदखदून हसतात. मग कुत्र्यांनाही मत द्या, घोड्यालाही विचारू, अशी थट्टा होते. (आपल्याकडे त्याच आठवड्यात लोकसभेची मतमोजणी व्हायची होती.) त्या बैठकीत दोथराकींना जागा नाही. जागा नाही याची तक्रार माझ्या भाच्यालाही सुचली नव्हती.

कोणी म्हणेल, त्या मोसमाला ३२ नामांकने आणि १२ एमी मिळाले, त्यात उत्तम नाट्यमालिकेचाही होता. मिळाले असतील. रात्रीमागून रात्री थंडीत चित्रीकरण करणाऱ्या कामगारांनी, पोशाख शिवणाऱ्यांनी, नटांनी ते कमावले. त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार त्या मेजाशी आहे, जिथे 'राणी शत्रूचे आरमार जरा विसरूनच गेली' असे कारण एका कर्त्याने हसतमुखाने कॅमेऱ्यापुढे दिले. तो आरमाराने मारलेला ड्रॅगन तिच्या डोळ्यांदेखत पडला होता. विसरली ती राणी नव्हे.

२०२२ मध्ये याच घराण्याच्या पूर्वजांची मालिका, 'हाउस ऑफ द ड्रॅगन', सुरू झाली. भाचा पहिल्या दिवशीच बसला. मी विचारले, "आठ वर्षं फुकट गेली होती ना?" तो म्हणाला, "मामू, या वेळी मी दोथराकी मोजत बसणार आहे." त्याला सांगितले, की ही कथा त्यांच्या कितीतरी आधीची आहे, यात ते नसतीलच. तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि मग आवाज वाढवला.